लाल दोऱ्याच्या शेंगा

“त्या पोरीले काही विचारू नका जी. ते बोलत नाही. पण पाहते सगळं.”

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी आमच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या तारेखाली, दप्तर पायाशी ठेवून उभी होते. प्रताप नगरातल्या त्या घरात आम्हाला राहायला येऊन चार दिवस झाले होते. मी सातवीत होते. पलीकडे कोणी बाई चौकशी करत होत्या, की नवीन आलेल्यांची मुलगी कोणत्या शाळेत जाते, हाक मारली तर ओ का देत नाही. आणि शेजारच्या निमजेकाकूंनी, ज्यांच्याशी मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते, माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

त्या बाई गेल्यावर भिंतीवरून एक हात आला. हातात वालाची एक शेंग होती, हिरवी, कडेला जांभळी रेघ.

“हे घे. मोडून पाह्य.”

मी मोडली. कट्ट आवाज आला.

“आली कवळी?”

मी मान हलवली.

“मान हलवली अशीन,” पलीकडून आवाज आला. “मले भिंतीतून दिसत नाही वं, बाई.”

निमजेकाकूंची आणि माझी ओळख अशी झाली, आणि पुढची बारा वर्षं बहुतेक बोलणं याच पद्धतीचं राहिलं. त्या बोलायच्या, मी मान हलवायचे. भिंत माझ्या खांद्याएवढी होती आणि काकू माझ्याहून बुटक्या, त्यामुळे मला त्यांचं कपाळ आणि अंबाडा दिसायचा, त्यांना माझं काही दिसायचं नाही. त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर चढल्या की मगच आम्ही समोरासमोर यायचो. थंडीत त्या पातळावर काकांचा जुना मफलर गुंडाळायच्या. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मफलरची एक बाजू उसवत आली होती, पण तो त्या धुवायच्या सुद्धा संक्रांतीनंतरच.

त्यांचं माहेर उमरेडचं. घरात हातमाग होता. वडील लुगडी विणायचे आणि लहानपणी काकू सुताच्या कांड्या भरायच्या. लग्न होऊन नागपूरला येताना त्यांनी स्वतःच्या म्हणून दोन वस्तू आणल्या होत्या, असं त्या सांगायच्या. एक, आईच्या मांडवावरच्या वालाचं मूठभर बी. दुसरी, वडिलांच्या मागावर उरलेल्या लाल सुताची एक गुंडी, लुगड्याच्या काठाला लागायचं तसलं. बाकी जे आणलं ते सासरच्यांनी मोजून घेतलं, म्हणायच्या, या दोन गोष्टींत कोणाला रस नव्हता म्हणून माझ्याकडे राहिल्या.

त्यांच्या अंगणातला मांडव म्हणजे चार बांबू, आडवी तार आणि वर जुन्या खाटेची पट्टी. आषाढात त्या बी लावायच्या. काळं कुळकुळीत बी, एका कडेला पांढरी रेघ. त्या रेघेला त्या डोळा म्हणायच्या आणि डोळा खाली करूनच बी मातीत ठेवायच्या. का, असं मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं.

“त्याले पहिले खाली पाहू द्यायचं. वर तर सगळेच पाहतात.”

वेल चढायला लागला की त्या प्रत्येक फांदी तारेला सुताने बांधायच्या. एका हाताने. अंगठा आणि दोन बोटं अशी काही फिरायची की गाठ पडलेली दिसायची, पडताना दिसायची नाही. मागावर सूत तुटलं की विणकर मारतो ती गाठ. मला त्यांनी ती किमान वीस वेळा शिकवली. मला बुटाच्या लेसची गाठ येत होती, तीच मी मारायचे.

दिवाळीनंतर जांभळी फुलं गळून शेंगा धरायच्या. मग दर एक दिवसाआड, सकाळी ऊन चढायच्या आत, तोड. तोडायची रीतही ठरलेली. शेंग ओढायची नाही, एका हाताने देठ धरायचा, दुसऱ्याने खुडायची, नाहीतर तुऱ्यावरची पुढची फुलं झडतात. दाणा बाहेरून उठून दिसायला लागला की शेंग निबर झाली, ती वेगळ्या टोपलीत. वेलावर माव्याची कीड पडली की बंबातली राख. “औषध मारलेली शेंग मी कोणाच्या हातात देईन?” हा प्रश्न त्या कोणालाही उद्देशून विचारायच्या, कधीकधी वेलालाच.

एकदा मी नववीत असताना त्यांनी विचारलं, “तुमच्या इंग्रजीत ह्याले काय म्हणतात वं?”

“बीन्स,” मी म्हटलं.

“आन गवारीले?”

मी जरा विचार केला. “बीन्सच.”

“चवळीच्या शेंगा?”

“बीन्स.”

काकू बादलीवर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे फार वेळ, खरोखरच्या काळजीने पाहिलं. “लय गरीब भाषा दिसून राहिली,” त्या म्हणाल्या. “फीस तर तुहा बाप एवढी भरते.”

त्या दिवशी मी हसले. मोठ्याने. आतून आई पाहायला आली की काय झालं.

काकूंच्या घरची एक रीत होती. पहिली तोड स्वतःच्या घरात शिजत नाही. ती पाच घरी वाटायची. पूजा नाही की देवाला नैवेद्य नाही, नुसतं शेजाऱ्यांकडे. कागदाच्या पुड्या, वरून लाल सूत. आम्ही आलो त्या पहिल्याच वर्षी त्यांनी पाच पुड्या माझ्या हातात ठेवल्या.

“बेल वाजवजो. दार उघडलं की म्हणजो, निमजेकडच्या शेंगा. झालं.”

मी गल्लीतून जाताना ते वाक्य मनात घोकत गेले. पहिल्या फाटकाशी बेलवर बोट ठेवलं. आतून कोणीतरी खोकलं. मी पुडी फाटकाला अडकवली आणि पळाले. पाचही पुड्या तशाच अडकवल्या. परत येऊन काकूंपुढे मान हलवली, दिल्या म्हणून.

मला माहीत नव्हतं की त्या दिवशी अमावस्या होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या चौधरीकाकांच्या फाटकाशी माणसं जमली होती. चौधरीकाकू हातात मीठ घेऊन उभ्या आणि काका लांब काठीने ती पुडी फाटकावरून काढायचा प्रयत्न करत होते. लाल दोरा, काळी शाई लागलेला कागद, आत काहीतरी मऊ. “कोणाचं वाईट केलं आम्ही,” चौधरीकाकू सारखं म्हणत होत्या. पुडी काठीवरून घसरून नालीच्या कडेला पडली तशी सगळे दोन पावलं मागे सरले.

मी आमच्या फाटकाआड होते. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. ते झालं नाही.

तेवढ्यात काकू आल्या. चपला एक निळी आणि एक हिरवी, मफलर डोक्याला. त्यांनी पुडी उचलली, सोडली, एक शेंग काढून सगळ्यांसमोर कचाकचा चावली.

“घ्या. मेली का मी?”

“पण बाई, लाल दोरा काहून बांधला?” चौधरीकाका म्हणाले. अजून काठी खाली ठेवली नव्हती.

“माह्याकडे लालच आहे जी. बापाने लुगड्याचे काठ लाल विणले, मी काय करू?”

“आन अशी फाटकाले लटकवून कोण जाते?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. “मीच गेली,” त्या म्हणाल्या. “बेल वाजवाचा कंटाळा आला.”

नंतर भिंतीपाशी त्या मला रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या शेंगांच्या शिरा काढत बसल्या होत्या. हातातली शेंग टोपलीत टाकून म्हणाल्या, “दोन शब्द होते वं, शिरया. दोनच.”

माझं नाव श्रेया. ते त्यांच्या तोंडी कधी नीट बसलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा पाच पुड्या माझ्याच हातात दिल्या. मी पुन्हा अडकवल्या, पण यावेळी बेल वाजवून पळाले. तिसऱ्या वर्षी दार उघडेपर्यंत थांबले. चौधरीकाकूंनी दार उघडलं आणि मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, “निमजेकडच्या ना? आण.” मला त्या दिवशी किती वाईट वाटलं, हे कोणाला सांगून पटणार नाही.

बियाच्या शेंगांबद्दल सांगायचं राहिलं. तोड सुरू झाली की काकू वेलाच्या खालच्या अंगाच्या, लवकर धरलेल्या, सरळ अशा अकरा शेंगा निवडायच्या आणि प्रत्येकीच्या देठाला लाल सूत बांधायच्या. त्या शेंगांना मग कोणी हात लावायचा नाही. त्या वेलावरच जून होऊन, पिवळ्या पडून, वाळून खडखडायला लागल्या की माघ-फाल्गुनात उतरवायच्या. ते पुढच्या वर्षीचं बी.

“ह्या आता आपल्या नाहीत,” दोरा बांधताना त्या म्हणायच्या. “ह्या पुढच्या वर्षाच्या. ह्यायले विसरून जायचं.”

जुनं बी त्या ठेवायच्या नाहीत. पेरून उरलेल्या दाण्यांची आषाढातच उसळ व्हायची. त्यामुळे वर्षातले काही महिने तो सगळा वाल, उमरेडच्या आईपासून आलेला, त्या अकरा शेंगांत असायचा आणि दुसरीकडे कुठेही नसायचा. उमरेडच्या घरी भावांनी मांडवाच्या जागी कधीच स्लॅब टाकला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात काकू न्हाणीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा, संजयदादा, पुण्याहून आला. काकूंना स्ट्रेचरवर ठेवत होते तेव्हा त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

“मांडव पाहजो. तोड करत जाजो, नाही तर वेल रुसते. आन त्या अकरा तुह्या बाजूने आहेत. तिकडे ऊन चांगलं आहे म्हणून तिकडेच बांधल्या.”

मी मान हलवली. तोवर मला नोकरी लागली होती, घरूनच काम असायचं. सकाळी मीटिंगच्या आधी मी पाणी घालायचे, शेंगा खुडायचे, आणि अकरा लाल दोरे मोजायचे. आमच्या भिंतीवरून आमच्या ओसरीकडे लोंबणाऱ्या त्या शेंगा हळूहळू जाड होत होत्या. आयुष्यात कोणी माझ्यावर एवढं काही सोपवलं नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी मला पाहायला अमरावतीचे लोक येणार होते. आदल्या दिवशी आईने घर धुऊन काढलं. ओसरीवर आली आणि भिंतीकडे बघून थबकली.

“ते लाल दोरे काढ गं आधी. येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येतात. चौधरींनी काय तमाशा केला होता आठवतो ना? म्हणतील, ह्यांच्या घरावर कोणी काय बांधून ठेवलं.”

त्या बियाच्या शेंगा आहेत, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मला वाटलं, दोरे काढले म्हणून काय झालं, मला जागा पाठ आहेत. सोमवारी परत बांधीन. मी एकेक गाठ सोडायला लागले. सुटेनात. विणकराच्या गाठी त्या. शेवटी नखं कापायच्या कात्रीने कापल्या आणि ते अकरा तुकडे कंपासपेटीत ठेवले.

रविवारी सकाळी मी आत साडीला पिना लावत असताना आई भिंतीवरून दिसतील त्या शेंगा खुडून घेऊन गेली. जेवायला आलू-वांगं-वालाच्या शेंगांची भाजी होती. मी पानावर बसले आणि भाजीत जाड, भरलेले दाणे दिसले. आई म्हणाली, जरा निबर निघाल्या, पण दाण्यांना चव छान आली. मुलाच्या वडिलांनी दोनदा मागून घेतली. मुलाने मला विचारलं, तुला काय आवडतं. मी ताटाकडे पाहत होते. त्यांच्याकडून नंतर निरोप आला की मुलगी फार अबोल आहे.

मी संध्याकाळी भिंत चाचपून पाहिली. एकही उरली नव्हती. नव्या, बोटाएवढ्या शेंगांना मी तेच दोरे बांधले, माझ्या लेसच्या गाठीने. दाणा भरून वाळायला महिना दीड महिना लागतो हे मला माहीत होतं.

हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मफलर होता. पहिला प्रश्न तोच.

“बियाच्या शेंगा वाळून राहिल्या का?”

मी मान हलवली.

काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “मंग काही हरकत नाही.” मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की संजय त्यांना पुण्याला नेणार आहे, घर बिल्डरला द्यायचं ठरलं आहे, पायऱ्या आता जमणार नाहीत. त्याच्या फ्लॅटला एक गॅलरी आहे, पूर्वेची. त्यांनी त्याला विचारून घेतलं होतं की ऊन किती वाजेपर्यंत येतं. “दोन कुंड्या तर बसतीन,” त्या म्हणाल्या. “मांडव नाही, पण वेल खिडकीच्या जाळीले धरीन. त्याले काय, त्याले धरायले पाहिजे फक्त.”

महिनाअखेरीस माणसं येऊन घर मोकळं करू लागली. त्यांनी मांडवाचे बांबू काढले, वेल बुडाशी कापला. माझे दोरे बांधलेल्या शेंगा मी सोलल्या. आत दाणे होते, हिरवे, मऊ, नखाने दबणारे. दोन दिवसांत ते सुरकुतले.

मग मी ते केलं जे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कॉटन मार्केटजवळच्या एका बियाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन प्रकारचे वाल पुढे ओतले. तिसरं काळं होतं, एका कडेला पांढरी रेघ. मी बोट दाखवलं. घरी येऊन वर्तमानपत्राची पुडी केली, अगदी काकू करायच्या तशी, आणि शेंगांवरून काढलेले ते तुकडे जोडून वरून लाल सूत बांधलं. पुडी इतकी खरी दिसत होती की क्षणभर मलाच बरं वाटलं. गॅलरीत वेल येईल, फुलं येतील, काकू रोज पाहतील. त्यांना कळणार नाही. कळलं तरी पुण्यात कळेल.

काकू निघाल्या त्या दिवशी सकाळी गल्ली गोळा झाली होती. पुढच्या सीटवर त्यांना बसवलं होतं, पायाखाली उशी. चौधरीकाका काठी टेकत आले होते आणि म्हणत होते, “बाई, पुण्याले जाऊन आमच्या शेंगा विसरू नका.” आई डबा देत होती. संजयदादाने गाडी सुरू केली. काकू या सगळ्यांच्या मधून मला शोधत होत्या. मी नेहमीसारखी फाटकाशी होते. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर.

“आण.”

मी जवळ गेले आणि पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. कानाशी नेऊन हलवली, दाण्यांचा आवाज ऐकला, हसल्या. मग अंगठा गाठीवर फिरवला.

“बारा वर्षं झाली, गाठ नाही आली वं तुले,” त्या म्हणाल्या. “येऊ दे. पुढच्या माघात ह्यातले पाच दाणे तुले पाठवतो. गच्चीवर लाव. माह्या मायचं बी दोन घरी राहीन.”

आणि पुडी त्यांनी मफलरच्या आत, छातीशी सरकवली. खिडकीची काच वर जायला लागली.

मी काचेवर हात ठेवला. संजयदादाने काच थांबवली. आई म्हणाली, “अगं, काय झालं?” चौधरीकाका, चौधरीकाकू, सगळे माझ्याकडे पाहत होते. काकूही पाहत होत्या. यावेळी माझ्या वतीने त्या काही बोलल्या नाहीत. वाट पाहत राहिल्या.

“काकू,” मी म्हटलं, गाडीच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “ते आपलं बी नाही. दोरे मीच कापले.”